माशाच्या कल्ल्यातला किडा नवा आहे, हे कशावरून?

शहाद्याहून एम.एस्सी. झूलॉजी करणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे. कॉलेजची सहल केरळला गेली होती. कोल्लमजवळच्या नींदाकरा बंदरावर खोल समुद्रातून आलेल्या ट्रॉलरने टाकून दिलेल्या मासळीचा ढीग होता, त्यातून तिने मोठ्या हिरवट डोळ्यांचे चार मासे उचलले. एकाच्या कल्ल्यात दोन सेंटिमीटरचा पांढरट किडा निघाला आणि त्याच्या बगलेला तसाच एक छोटा. दोन्ही फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून तिने घरी आणले. हा आयसोपॉड, म्हणजे खेकडा-कोळंबीच्या गोतातला बहुपायी प्राणी आहे, एवढं तिने शोधून काढलं. नेटवर तसा फोटो सापडत नाही. सर म्हणतात, नवी जाती आहे, लिहून टाक, पेपरात बातमीही देऊ. तर नवी जाती लिहायची कशी, छोटा किडा वेगळी जाती धरायचा का, आणि हे काम शहाद्यात बसून होतं का, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

मी मूळचा अमळनेरचा. बावीस वर्षं याच प्राण्यांवर काम केलं, त्यातली बरीच किनाऱ्यावर गेली. आता घरी परत आलोय आणि मागच्या खोलीत दोन मायक्रोस्कोप मांडून तेच चालू आहे. पहिला नमुना घरी आणला तेव्हा आजी बाटलीत डोकावून म्हणाली होती, "हाई ते माशानी ऊ शे!" आणि एवढ्यासाठी पोरगं शिकायला ठेवलं का, असा चेहरा केला होता. तिचं फार चुकलं नव्हतं. उवेसारखाच हा चिकटून बसतो आणि रक्त पितो. फक्त ऊ सहा पायांची, हा सात जोड्यांचा, खेकडा-कोळंबीच्या गोतातला. घरामागची कुंडी सरकवली की ओलीत जे राखाडी किडे पळतात आणि बोट लावलं की गोळी होतात, ते याचे जमिनीवरचे भाऊबंद.

शब्दांचं एक सांगून ठेवतो, कारण पुढे घोळ होतो. वर्तमानपत्रं स्पीशीजला सर्रास 'प्रजाती' म्हणतात. आपल्या परिभाषेत जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. मी तसंच लिहितो.

छोट्या किड्याचा प्रश्न आधी निकाली काढू. तो बहुधा नवरा आहे. तुमचा नमुना ज्या सायमोथोइडी कुलातला असावा, त्यात प्रत्येक प्राणी आधी नर असतो आणि नंतर मादी होतो. पिल्लू माशात शिरतं, नर म्हणून वाढतं. तिथे आधीच मादी बसलेली असेल तर ते नरच राहतं, आकाराने लहान, तिच्या शेजारी. ती गेली की ते मादी होतं. म्हणजे एकाच कल्ल्यात एक मोठा आणि एक छोटा दिसला, तर बहुतेक वेळा ते जोडपं असतं. खात्री करायची तर छोट्याला उलटा करून पोटाखालच्या पानांसारख्या अवयवांची, म्हणजे प्लिओपॉडची, दुसरी जोडी बघा. आतल्या कडेला बारीक काडीसारखं एक अंग दिसलं तर तो नर. मात्र काही प्रजातींत ही काडी मादी झाल्यावरही राहते, म्हणून एवढ्या एका खुणेवर थांबू नका. अशा जोडप्याच्या दोन जाती करून ठेवलेल्यांची उदाहरणं जुन्या साहित्यात आहेत आणि ती निस्तरताना आमचे डोळे जातात.

आता मुख्य गोष्ट. 'नवी जाती लिहायची कशी' हा प्रश्न पुढचा आहे. त्याआधी 'ही जुनी नाही, हे कशावरून' हा आहे, आणि सगळा वेळ तोच खातो. लिहिणं महिन्याभराचं काम आहे. नेटवर फोटो मिळत नाही याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. या कुलात तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या कितीतरींचा जिवंतपणीचा एकही फोटो कुणाकडे नाही. आहेत ती शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची रेखाचित्रं, तीही लॅटिन, फ्रेंच किंवा जर्मन मजकुरात.

तुमच्या बाबतीत तर मला पहिल्या वाक्यालाच शंका आली. बंदर कोल्लमचं, मासा मोठ्या हिरवट डोळ्यांचा, किडा कल्ल्याच्या पोकळीत. याच किनाऱ्यापलीकडच्या खोल पाण्यातून, ग्रीनआय नावाच्या माशाच्या कल्ल्यातून, ब्रुसेथोआ इसरो ही जाती अलीकडेच वर्णिली गेली आहे. नाव अर्थातच आपल्या अवकाश संस्थेवरून. तिची मादी १९ मिलिमीटरच्या आसपास आणि नर साधारण निम्मा. तुमचं वर्णन याच्याशी किती जुळतं ते तुम्हीच बघा. मी बाटली न बघता निकाल देत नाही. तो ग्रीनआयच आहे की दुसराच मासा, हेही आधी ठरायला हवं, म्हणून मासा फेकला नसेल तर जपून ठेवा. पण पैज लावायची झाली तर मी 'जुनी' यावर लावीन. आणि तसं निघालं तर खट्टू होऊ नका. ज्ञात जातीची दुसऱ्या वर्षातली, दुसऱ्या हंगामातली नोंदही छापण्यासारखी असते.

ओळख पटवायची सुरुवात पायांपासून करा. किडा उताणा टाका आणि पायांची टोकं बघा. सातही जोड्यांना वळलेले तीक्ष्ण आकडे असतील तर सायमोथोइडी. पहिल्या तीन जोड्यांनाच आकडे आणि मागच्या चार सरळ, चालायच्या असतील तर एजिडी. ही मंडळी पोट भरून माशावरून उतरतात, आणि खोल पाण्यातल्या सायसीनससारख्या प्रजातीत तर डोळेच नसतात. एकाही पायाला असा आकडा नसेल तर सिरोलॅनिडी, म्हणजे मेलेलं खाणारे. यूट्यूबवर 'समुद्रातलं महाकाय झुरळ' म्हणून फिरणारा बॅथिनोमस त्यातलाच. तो परजीवी नाही, आणि पहिल्यांदा १८७९ साली वर्णिला गेला तेव्हापासून त्याने लोकांची झोप उडवलेली आहे. चालायच्या पायांच्या पाचच जोड्या दिसल्या तर नॅथिडी, यांची फक्त पिल्लं रक्त पितात. एवढं करायला साधा डिसेक्टिंग मायक्रोस्कोप आणि अर्धा तास पुरतो, आणि नव्वद टक्के गोंधळ इथेच संपतो.

कुल ठरलं की प्रजाती, आणि प्रजाती ठरली की त्या प्रजातीतल्या प्रत्येक जातीचं मूळ वर्णन मिळवायचं. प्रत्येक, झाडून सगळ्या. दहा असतील तर दहा, पंचवीस असतील तर पंचवीस. जगभरच्या आयसोपॉडची नावं वर्म्स या समुद्री जीवांच्या ऑनलाइन नोंदवहीत फुकट बघता येतात. कोणतं नाव चालू, कोणतं बाद, मूळ वर्णन कुणाचं, सगळं. जुनी पुस्तकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत स्कॅन करून ठेवली आहेत. आमच्या वेळी यातलं एक पान मागवायला तीन महिने लागायचे.

याच पायरीवर मी तोंडघशी पडलो आहे, ते सांगतो. कोकणातल्या एका बंदरावरचा नमुना होता. आठ महिने घासले, चौदा पाट्या, म्हणजे चौदा पानं भरून चित्रं काढली, माझ्या गुरूंच्या नावावरून नावही ठरवलं. लेख नियतकालिकाकडे धाडला, तर त्यांच्या परीक्षकाचं उत्तर एका ओळीत आलं: श्योड्टे आणि माइनर्ट यांच्या पाट्या पाहिल्यात का? या दोन डॅनिश गृहस्थांनी १८७९ ते १८८४ या काळात सायमोथोइडींवर लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आहे. मी मजकूर लॅटिन म्हणून चित्रं नुसती चाळली होती. पाटी उघडली तर माझी 'नवी जाती' तिथे बसलेली. चित्रात पूर्ण वाढलेली मादी होती आणि माझ्याकडे नर-मादीच्या मधल्या अवस्थेतला प्राणी, म्हणून मला तो वेगळा वाटला. त्या दिवसापासून लॅटिन येवो न येवो, पाट्या मी भिंगातून बघतो.

यातूनच दुसरा धोका कळेल. या प्राण्यांचं रूप स्थिर नसतं. कल्ल्याच्या डाव्या पोकळीत वाढला तर अंग एका बाजूला वाकतं, उजव्या पोकळीत वाढला तर दुसऱ्या. मासा लहान असेल तर किडा खुजा राहतो. अंडी धरलेली मादी फुगून रुंद होते. केळीच्या बागेत एकाच वाणाची झाडं बांधाकडेची बारकी आणि पाटाकडेची जाड असतात, त्यावरून रावेरचा शेतकरी दोन वाण म्हणत नाही, तसंच हे. वाकडेपणा, रंग, लांबी-रुंदीचं प्रमाण यांवर जाती उभी करू नका. फॉर्मेलिनमधल्या रंगाला तर अर्थच नाही.

मग उभी कशावर करायची? न बदलणाऱ्या बारीक अवयवांवर. स्पर्शिकांना किती पेरं, त्या बुडाशी एकमेकींना चिकटतात की लांब असतात, डोकं पहिल्या खंडात किती रुतलंय, सातव्या पायाच्या बुडाशी पातीसारखी कड आहे का, शेपटीचा पत्रा लांबट की रुंद, युरोपॉड, म्हणजे त्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंचे अवयव, त्याच्या टोकापर्यंत पोचतात का. आणि मुखांगे. यातलं मॅक्सिलिपेड काढायला शिकणं म्हणजे या धंद्यातलं पोहायला शिकणं. डोक्याखाली, तोंडावर झाकणासारखी दोन पातळ पानं असतात. प्राणी ग्लिसरीनच्या थेंबात उताणा ठेवायचा. खराट्याच्या काडीला कीटकांची सर्वांत बारीक टाचणी डिंकाने चिकटवून दोन सुया करायच्या. बाजारातली डिसेक्शनची सुई इथे पहारीसारखी वाटते. डाव्या हातातल्या सुईने डोकं दाबून ठेवायचं आणि उजवीने पानाच्या बुडाशी हलकेच ढकलत राहायचं. ओढायचं नाही. सुटलं की ते थेंबात तरंगतं आणि बघता बघता नाहीसं होतं. माझी दोन-तीन तर टेबलावरच्या फडक्यात गेली असतील. मिळालं की काचेवर, वर झाकणकाच, आणि कंपाउंड मायक्रोस्कोपखाली टोकाच्या पेरावरचे आकड्यासारखे काटे मोजायचे. अंडी धरलेल्या मादीत याच अवयवाला एक जादा पाळी येते, त्यामुळे कुणाचं मॅक्सिलिपेड कुणाशी ताडून बघताय हे लिहून ठेवा. अवयव नेहमी एकाच बाजूचे काढा, दुसरी बाजू शाबूत राहू दे. पुढे शंका आली तर कुणीतरी तुमचंच काम तपासायला ती उघडेल.

माशातून किडा उपटायचा नाही, हेही शिकून ठेवा. सात जोड्या आकडे मांसात रुतलेले असतात. चिमट्याने ओढला की किडा येतो, पायांची टोकं माशातच राहतात, आणि तुमची सगळी ओळख त्या टोकांवर. कल्ल्याचा तेवढा तुकडा कातरीने कापून घ्या आणि नंतर सावकाश सोडवा.

तुमच्या नमुन्याची अडचण फॉर्मेलिन आहे. त्यात डीएनए तुटतो आणि कवचातला चुना झिजतो. आजच बाटली उघडा, नमुने पाण्यात चांगले धुवा आणि सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. डीएनएची आशा जवळजवळ सोडा. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांना डीएनए लागत नाही, रूपवर्णनावर जाती मान्य होते. पण खोल समुद्रातल्या सारख्या दिसणाऱ्या जातींत आता परीक्षक विचारतात. पुढच्या वेळी दोन बाटल्या न्या: एकीत पंचाण्णव टक्के अल्कोहोल डीएनएसाठी, दुसरीत सत्तर टक्के चित्रांसाठी.

एका मादीवर जाती लिहिता येते का? नियमाने येते. मी लिहीन का? अवलंबून आहे. अवयव इतके वेगळे असतील की दुसरी शक्यताच उरत नाही, तर हो. फरक 'थोडा लांब, थोडा रुंद' असा असेल तर नाही, आणखी चार-पाच मिळेपर्यंत थांबेन. वाट बघण्यात लाज नाही. सापडल्यापासून नाव मिळेपर्यंत जाती कपाटात सरासरी २१ वर्षं पडून राहते, असं २०१२ साली छापलेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. आमच्याकडे हा आकडा कुणाला आश्चर्याचा वाटला नाही.

लिहायची वेळ आलीच, तर नियम थोडके आहेत पण कडक. एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा मूळ नमुना, म्हणून स्पष्ट ठरवायचा आणि तो कोणत्या सार्वजनिक संग्रहात, कोणत्या क्रमांकाने ठेवला ते छापायचं. जवळच्या जातींपासून फरक काय तो शब्दांत लिहायचा. ही नवी जाती आहे असं उघड म्हणायचं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापायचं असेल तर झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी हवी, हा नियम २०१२ पासूनचा. आपल्या जैवविविधता कायद्याच्या, म्हणजे २००२च्या, ३९व्या कलमानुसार नव्या जातीची माहिती आणि नमुना नेमलेल्या संस्थेला द्यावा लागतो. आपल्यासाठी झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, मुख्यालय कोलकात्याला, पण पुण्यात आकुर्डीला पश्चिम विभागाचं केंद्र आहे. नमुना परदेशी तज्ज्ञाला पोस्टाने पाठवायचा मोह होईल, त्याआधी परवानगीचे नियम विचारा.

नावाची हौस सगळ्यांना असते. मला एकाने विचारलं होतं, खान्देशेन्सिस ठेवलं तर? नियम अडवणार नाही, पण खोल समुद्रातल्या प्राण्याला तापीकाठचं नाव दिलं तर पुढचा अभ्यासक तो प्रकाशा गावच्या घाटावर शोधत बसेल. स्वतःचं नाव द्यायचं नाही, हा संकेत. आणि तुमच्या सरांना हे नक्की दाखवा: प्रबंध छापून येण्याआधी नवं नाव वर्तमानपत्रात, व्हॉट्सअॅपवर, कुठेही जाऊ देऊ नका. वर्णनाशिवाय छापलेलं नाव नियमाने पोकळ ठरतं आणि नावांच्या याद्यांत कचरा म्हणून राहतं. बातमी नंतरही येते.

आता शहाद्यात बसून होतं का. टेबलावरचं सगळं होतं. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला अल्कोहोल बुचातून उडून जातं, म्हणून प्रत्येक कुपीत ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाका, अल्कोहोल उडालं तरी नमुना वाळत नाही. शुद्ध अल्कोहोल मिळायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, तो कॉलेजच्या नावावर असतो, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या भाऊंशी गोडीत राहा. चित्रांना कॅमेरा ल्युसिडा, म्हणजे मायक्रोस्कोपमधलं बघून कागदावर गिरवायचं साधन, नसेल तर आयपीसमधून मोबाईलने फोटो आणि त्यावर ट्रेसिंग चालतं, मात्र काटे-केस भिंगातून बघूनच भरायचे, फोटोत ते दिसत नाहीत. न होणारी गोष्ट एकच: जुने होलोटाइप बघणं. त्याला आकुर्डी, कोची, कोलकाता, जिथे असतील तिथे जावं लागतं.

हात बसवायला खोल समुद्र लागत नाही. बर्फातून येणारा बांगडा घ्या आणि कल्ल्याचं झाकण उचलून बघा. नोरिलेका इंडिका मिळेल, १८४० साली वर्णिलेली, अंगाने वाकडी. हलव्याच्या तोंडात सायमोथोआ एरेमिटा मिळेल, ती १७८३ची. कोळंबीच्या डोक्याची एक बाजू गालफुगीसारखी वर आलेली दिसली तर आत बोपिरिडी कुलातली मादी आणि तिच्या पोटाला चिकटलेला कणभर नर. मासळीवाल्या मावशींना दोन दिवस आधी सांगून ठेवा. माझ्या मावशी आता स्वतःच 'सर, तुमना किडा' म्हणून बाजूला काढून ठेवतात. या ज्ञात जातींची पूर्ण चित्रं काढा आणि छापलेल्या चित्रांशी ताडून बघा. दहा जमल्या की अकरावी वेगळी असेल तर नजर आपोआप अडखळते. पण बाजारातल्या नमुन्यावर नवी जाती कधी लिहू नका. तो मासा वेरावळचा की मुंबईचा, किती खोलीवरचा, कुणीच सांगू शकत नाही, आणि मूळ ठिकाण नसलेली जाती म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

तुमच्याही बाटलीचं दुखणं तेच आहे. 'नींदाकरा' हा बंदराचा पत्ता झाला, माशाचा नव्हे. ज्या ट्रॉलरच्या ढिगातून उचललं, त्याचं नाव किंवा रंग कुणाच्या सहलीच्या फोटोत आलाय का बघा. तारखेवरून ती फेरी शोधता आली तर तांडेलाकडून, म्हणजे बोटीच्या म्होरक्याकडून, जाळं कुठे आणि किती खोल पाण्यात टाकलं ते कळू शकतं. हे सगळं आठवतंय तोवर जाड कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. पेन्सिलीने लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये रात्रीत उतरते. मग पायांच्या टोकांचे आणि मॅक्सिलिपेडचे फोटो काढून पाठवा, पुढचं त्यावरून बोलू.